तिसऱ्या अंकाचं बघू

आमच्या बारामतीत एखादं काम अर्धवट ठेवायची सोय नाही. यात गावाचा दोष नाही, मोरोपंतांचा आहे. ज्या गावात एका गृहस्थानं एक रामायण लिहून पुरं केलं, तेवढ्यावर समाधान न होऊन दुसरं लिहिलं, आणि असं करत करत मजल एकशेआठांपर्यंत नेली, त्या गावात राहून ‘माझं एक नाटक तिसऱ्या अंकाशी अडलंय’ हे सांगायचं कोणत्या तोंडानं? बरं, नुसता आकडाच मोठा असता तरी एक वेळ सोडून दिलं असतं. पंतांचं एक रामायण निरोष्ठ आहे. म्हणजे उच्चारताना ओठाला ओठ टेकेल असं अक्षरच त्यात नाही. आता ‘म’ म्हणताना ओठ टेकतात हे बालवाडीतलं पोरही सांगेल. तेव्हा रामाचं नावसुद्धा धड न घेता रामायण पुरं करणारा माणूस या कऱ्हेकाठी होऊन गेला. आणि आम्हाला नायक, नायिका, वरपिता, सगळ्यांची नावं ओठ आपटून घ्यायची मोकळीक असून आमचं नाटक पन्नास वर्षं दोन अंकांवर बसून आहे.

यातलं ‘आमचं’ हे आदरार्थी नाही, खरोखरीचं अनेकवचन आहे. नाटकाचे लेखक दोन. एक मी, बारामतीतला शाळामास्तर. दुसरे भाऊसाहेब, इंदापुरात सरकारी कचेरीत कारकून. आपल्याकडे कचेरीतल्या प्रत्येकच कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे त्यांना मी तसं म्हटल्यानं कुणाला ओळख पटेल अशी भीती नाही. ते मला मास्तर म्हणायचे. एकमेकांना अरेतुरे करण्याइतके आम्ही जवळचे होतो, पण नाटकाच्या कामात शिस्त राहावी म्हणून शेवटपर्यंत अहो-जाहो पाळलं.

ओळख झाली ती १९७२ च्या विधानसभेच्या निवडणुकीत. दोघांची नेमणूक एकाच मतदान केंद्रावर. आदल्या रात्री एका खेड्यातल्या शाळेच्या खोलीत, रिकाम्या मतपेट्या उशाशी घेऊन आम्ही आडवे झालो. इतकी निष्पाप उशी मला त्यानंतर मिळाली नाही. झोप काही येईना. मग बोलता बोलता मराठी रंगभूमीची दुरवस्था दोघांनी मिळून पक्की केली आणि पहाटे चारच्या सुमारास ती सुधारण्याची जबाबदारी अंगावर घेतली. सकाळी मतदार येऊ लागले म्हणून, नाहीतर तिथेच पहिला प्रवेश झाला असता.

बारामती ते इंदापूर अंतर पन्नासेक किलोमीटर. तुकोबांची पालखी याच वाटेनं तीन-चार मुक्काम करत इंदापूरला पोचते. आमची वही एस.टी.नं जायची आणि कधीकधी पालखीपेक्षा जास्त मुक्काम करायची. मी दहा पानं लिहून वही ओळखीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो. भाऊसाहेब त्यातली सहा खोडून, नवी आठ लिहून परत पाठवायचे. मी त्यातली चार खोडायचो. अशानं अंक पुढे सरकतो यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण सरकतो. वहीवर नाव आधी कुणाचं घालायचं, हा जो प्रश्न, ज्यावर भल्याभल्या भागीदाऱ्या मोडतात, तो भाऊसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात सोडवला. वही बारामतीहून निघताना गाडीवर पाटी ‘बारामती–इंदापूर’. तेव्हा माझं नाव आधी. परतताना पाटी ‘इंदापूर–बारामती’. तेव्हा त्यांचं. दर फेरीला पुठ्ठ्यावर नवी चिठ्ठी. त्या चिठ्ठ्यांच्या थरानं वही आतल्या मजकुरापेक्षा बाहेरून जाड झाली.

महिन्यातून एकदा समक्ष भेट व्हायची, ती जंक्शनला. परक्यांसाठी सांगतो: जंक्शन हे इंदापूर तालुक्यातल्या एका गावाचंच नाव आहे. गावाला रेल्वे स्टेशन नाही, थांबते ती एस.टी. पण दोघांना जवळजवळ मधोमध पडायचं. तिथल्या हॉटेलात पत्र्याखाली बसून आम्ही एकमेकांच्या तोंडावर एकमेकांचे संवाद वाचायचो. हॉटेलमालक हसला की वाक्य ठेवायचं, नाहीतर काढायचं. तो फार कमी हसायचा. त्यामुळे नाटक आटोपशीर राहिलं.

नाव सगळ्यांत आधी ठरलं. (न झालेल्या नाटकांची नावं नेहमी फार आधी ठरलेली असतात.) ‘बुडत्याचा पाय मांडवात’. विषय भाऊसाहेबांच्या टेबलावरून आला होता. भीमेवर उजनीच्या धरणाचं काम १९६६ साली सुरू झालं होतं आणि १९८० साली ते पुरं व्हायचं होतं. पुढे अडलेलं ११७ टी.एम.सी. पाणी कुठंतरी पसरणार, आणि जिथं पसरणार तिथं आधीपासून माणसं राहत होती. या माणसांच्या याद्या करायचं काम इंदापुरात जोरात चाललं होतं. घरं किती, विहिरी किती, झाडं किती. आमचं नाटक अशाच एका गावात घडतं. गाव बुडणार हे सरकारनं सांगितलंय, कधी ते सांगितलेलं नाही. आणि गावात एक मुलगी लग्नाची आहे.

वरपक्ष येतो. मुलगी पसंत पडते, हुंडाही बसतो, आणि सुपारी फुटणार एवढ्यात वरपिता विचारतो, ‘पण काय हो, दिवाळसणाला जावयानं यायचं कुठं?’ तिथं पहिल्या अंकाचा पडदा. दुसऱ्या अंकात झाडं मोजायला कारकून येतो आणि वधूपिता त्याला वराकडचा माणूस समजतो. ‘वय काय?’ ‘एकोणीसावं सरलं.’ ‘फळ धरलंय का?’ इथं वधूपिता काठी शोधायला आत जातो. जंक्शनचा हॉटेलमालक या ठिकाणी हसला होता, एवढंच सांगतो.

आता एक गंमत पाहा. दिवाळसणाचा तो प्रश्न, ज्यावर सगळं नाटक उभं आहे, तो सुचला कुणाला? मी म्हणायचो, तुम्हाला. ते म्हणायचे, छे, तुमच्याच दहा पानांत होता. साहित्यातली भांडणं ‘ते माझं’ यावरून होतात. आमचं ‘ते तुमचं’ यावरून चालायचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं आमच्यासारख्यांचा विचार करून ठेवला आहे. ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही ती संयुक्त कृती, असं कायदा म्हणतो. सामाईक विहिरीत तुझी बादली कुठली आणि माझी कुठली हे जसं सांगता येत नाही तसं. त्यातही मौज अशी, की अशा कृतीचा हक्क साठ वर्षं चालतो आणि ती साठ वर्षं जो लेखक शेवटी मरेल त्याच्यापासून मोजायची. म्हणजे नाटक लोकांसमोर आलं, की भाऊसाहेबांच्या वारसांचा फायदा माझ्या प्रकृतीवर अवलंबून. मी रोज रक्तदाबाची गोळी घेतो ती अर्धी त्यांच्या खात्यावर.

तिसऱ्या अंकाची पाळी भाऊसाहेबांची होती. १९७७ च्या पावसाळ्यात वही आली. आत एकच पान लिहिलेलं, आणि त्या पानावरही एकच ओळ: ‘अंक तिसरा. पडदा उघडतो. पाणी.’

मी पोस्टकार्ड टाकलं: राज्य नाट्य स्पर्धेला मिळणाऱ्या पैशांत पाणी दाखवणं परवडणार नाही. उलट कार्ड: दाखवायचं नाही, आलंय हे कळलं पाहिजे. मी: विनोदी नाटक आहे, शेवटी लग्न लागलंच पाहिजे, प्रेक्षक अक्षता हातात घेऊन बसलेला असतो. ते: घाला की मांडव. मी नको म्हणतोय का? फक्त घालायचा कुठं, तेवढी जागा दाखवा.

मग जंक्शनला भेटलो तेव्हा कळलं, की बुडायच्या यादीतलं एक गाव त्यांचं स्वतःचं होतं. याद्यांच्या नकला करण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. तेव्हा आपल्या वडिलांचं नाव, पुढे ‘घर माळवदी १, चिंच १, लिंब २’ आणि त्यासमोर रुपये हे त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात तीन प्रतींत लिहिलं होतं. झाडं मोजणाऱ्या कारकुनाचा आमचा तो हमखास हशाचा प्रवेश लिहिला होता त्याच महिन्यात. ‘अक्षर चांगलं असलं की हे असं होतं, मास्तर,’ एवढंच म्हणाले आणि भज्यांची दुसरी प्लेट सांगितली.

त्यानंतर वही हलली नाही. आम्ही भांडलो नाही, कंटाळलो नाही. त्यांचं गाव उठलं, नव्या गावठाणात बिऱ्हाड गेलं, बदल्या झाल्या, माझ्याकडे शाळेचा कारभार आला, मुलांची शिक्षणं, लग्नं. पत्र मात्र दर दिवाळीला यायचं आणि शेवटची ओळ ठरलेली: ‘तिसऱ्या अंकाचं बघू.’ मीही उत्तराच्या शेवटी तेच लिहायचो. पुढे टेलिफोन आले, मोबाईल आले, पण निरोप घेताना ‘बराय’ ऐवजी ‘तिसऱ्या अंकाचं बघू’ हेच.

‘बघू’ हा शब्द मराठी माणसानं फार कष्टानं तयार केला असला पाहिजे. त्याला हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. उसने पैसे मागायला गेलेल्यानं ‘बघू’ ऐकलं की चप्पल घालावी. मुलीच्या बापानं ‘बघू’ ऐकलं की दुसरं स्थळ काढावं. अधिकारी ‘बघू’ म्हणाला तर अर्जाची नक्कल स्वतःजवळ ठेवावी. मग बेचाळीस वर्षं दोन माणसं एकमेकांना ‘बघू’ म्हणत होती ती खोटं बोलत होती का? नीतिशास्त्र पढवणारा एखादा म्हणेल, होय. वचन दिलं, पाळलं नाही, आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करत राहिलात. सावकार असता तर व्याजात घर गेलं असतं. पण मला तसा हिशेब जमत नाही. जे पुरं करायचं ठरवलं होतं ते पुरं झालं असतं, तर त्यानंतर भाऊसाहेबांनी मला दर दिवाळीला काय लिहिलं असतं? ‘प्रकृतीस जपावे’? ते माझा विमा एजंटही लिहितो.

अपुऱ्या भागीदारीची अब्रू इंग्रज कवींनी बरीच राखली आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्डस्वर्थ आणि कोलरिज या दोन मित्रांनी बायबलातल्या काइनवर मिळून एक काव्य करायचं ठरवलं. पहिला सर्ग वर्डस्वर्थनं लिहायचा, दुसरा कोलरिजनं, आणि ज्याचा आधी होईल त्यानं तिसऱ्याला हात घालायचा. मुदत? एक रात्र! (आम्ही निदान मतपेट्यांवर झोपलो तरी होतो.) कोलरिजनं झपाट्यानं आपला सर्ग उरकला आणि कागद घेऊन मित्राकडे धावला. पाहतो तर वर्डस्वर्थपुढचा कागद जवळजवळ कोरा, आणि वर्डस्वर्थचा चेहरा गणिताच्या पेपरात बसलेल्या मुलासारखा. दोघंही हसत सुटले आणि काव्य तिथंच संपलं. त्याच सुमाराला, १७९७ च्या नोव्हेंबरात, पायी सहलीचा खर्च निघावा म्हणून दोघांनी मिळून एक खलाशाची कविता मांडली. तिच्यातही चार पावलांवर वर्डस्वर्थ बाजूला झाला. म्हणाला, आपल्या दोघांच्या चाली जुळत नाहीत, मी मधे आलो तर तुला अडचणच होईल. कोलरिजनं ती एकट्यानं पुरी केली आणि ती अमर झाली. पण त्या कवितेत खलाशी ज्या पक्ष्याला मारतो आणि सगळं रामायण घडतं, तो पक्षी मारायची कल्पना वर्डस्वर्थची. पक्षी एकाचा, बाण दुसऱ्याचा. आज कुणी त्यांच्या वारसांना विचारत नाही.

हे मी एकदा भाऊसाहेबांना ऐकवलं. त्यांनी विचारलं, ‘त्यांना एकमेकांकडे चालत जाता येत होतं का?’ मी म्हटलं, हो, तीनेक मैलांचं अंतर होतं. ‘मग बरोबर,’ ते म्हणाले. ‘एस.टी. असती तर दोघांचंही काही पुरं झालं नसतं.’

२०१३ च्या उन्हाळ्यात दुष्काळानं उजनी तळाला गेली. असं झालं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं आणि बघायला माणसांची रीघ लागते. एके सकाळी भाऊसाहेबांचा फोन. ‘मास्तर, या. नेपथ्य लागलंय.’

गेलो. त्यांच्या जावयानंच गाडी चालवली. धरणाच्या पोटात, भेगाळलेल्या चिखलातून चालत भाऊसाहेब थेट एका ठिकाणी जाऊन उभे राहिले. मला दगडांच्या दोन ओळींखेरीज काही दिसेना. ‘तिकडनं या. उंबऱ्यातनं. भिंतीतनं काय येताय?’ मी चार पावलं मागं जाऊन उंबऱ्यातनं आलो. ‘ही ओसरी. हे माजघर. हे बळद. आणि ती तिथं,’ त्यांनी एका काळ्या बुंध्याकडे बोट केलं, ‘चिंच एक.’ पाणी उतरलेल्या जमिनीत गाळपेर करतात, तशी कुणीतरी त्यांच्या देवघरापासून पार परसापर्यंत केलेली होती. पीक तजेलदार होतं. आम्ही माजघरातून स्वयंपाकघरात शिरणार तोच लांबून हाक आली, ‘कोण रं तिकडं? पिकात शिरू नका!’

भाऊसाहेब जागच्या जागी थांबले. ‘जातो बाबा,’ ओरडून म्हणाले, ‘घर बघायला आलो होतो!’

‘हितं कुठलं घर?’

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. कारकुनी आवाजात म्हणाले, ‘हे वाक्य घ्या.’ मी खिशातल्या किराण्याच्या यादीमागं ते लिहून घेतलं. छत्तीस वर्षांत तिसरा अंक तेवढा एका वाक्यानं पुढे सरकला, आणि तेही तिसऱ्याच माणसाचं. तो गृहस्थ आपल्या हक्काची साठ वर्षं मागायला आला तर मला कायद्याचं ते कलम पुन्हा वाचावं लागेल.

परतताना जावई गाडी चालवत होता, भाऊसाहेब पुढच्या सीटवर गप्प. भिगवणपाशी म्हणाले, ‘दिवाळसणाला हा दरवर्षी येतो. रस्ता चांगला आहे आता.’

२०१९ च्या पावसाळ्यात भाऊसाहेब गेले. वही त्यांच्याकडे होती. ती त्यांची मुलगी घेऊन आली. तीही शिक्षिका आहे. तिच्याबरोबर निरोप असा, की बारामतीतल्या काही नाटकवेड्या पोरांनी कुणाकडून तरी या नाटकाबद्दल ऐकलंय, त्यांना ते करायचंय, तेव्हा काका, तिसरा अंक तुम्ही पुरा करा.

इथं मी अडलो, आणि त्या अडण्याला पाच-सहा वर्षं झाली.

पुरं करणाऱ्यांची उदाहरणं नाहीत असं नाही. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांवर अध्याय लिहून ते तडीस नेलं. नवऱ्यानं दहा लिहावेत आणि बायकोनं साठ, हे प्रमाण आपल्या संसारांना धरूनच आहे. पण लक्ष्मीबाईंना तो अधिकार होता. चाळीस वर्षांची भांडणं आणि मनधरण्या त्यामागे होत्या. उलट गडकरीही १९१९ सालीच गेले. त्यांचा ‘राजसंन्यास’ अपुरा राहिला, अपुराच छापला गेला, आणि अपुरा असून लोकांनी डोक्यावर घेतला. दोन्ही बाजूंनी पुरावा सारखा. न्यायाधीश असतो तर पुढची तारीख दिली असती.

घरात मतं भरपूर. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, पन्नास वर्षं माळ्यावर जागा अडवणारी वस्तू एकदाची काहीतरी व्हावी. नातू म्हणाला, ‘आजोबा, मोबाईलला दोन अंक वाचून दाखवा, तिसरा तो पाच मिनिटांत लिहून देईल. दोघांच्या शैलीत.’ पाच मिनिटांत! कोलरिजनंसुद्धा रात्र घेतली होती. शिवाय तो मोबाईल पाण्याला काय करील हे मला ठाऊक आहे. तो पाणी पहिल्याच वाक्यात ओसरवील आणि मांडव घालील.

आणि अडचण हीच आहे, की मीही तेच करीन. माझा हात मांडवाकडेच वळतो. भाऊसाहेब असताना मी मांडव म्हटलं की ते जागा दाखवा म्हणायचे. आता जागा दाखवा म्हणणारा कुणी नाही. बेचाळीस वर्षं जो वाद सुटला नाही तो समोरचा माणूस गेल्यावर एका दुपारी जिंकायचा, आणि वर पुठ्ठ्यावर त्याचंही नाव घालायचं? खेळगडी उठून गेल्यावर पट आपल्या बाजूला वळवून घेतल्यासारखं ते आहे. बरं, नाव घातलं नाही तर चोरी, घातलं तर खोटी सही. सामाईक विहिरीतला एक वाटेकरी गेला म्हणून दुसऱ्यानं ती बुजवायची नसते आणि आपल्या एकट्याच्या नावावरही करायची नसते, एवढं सातबारा न वाचता येणाऱ्यालाही कळतं. पण तिचं करायचं काय हे कुणी सांगत नाही.

मोरोपंतांकडेच पुन्हा गेलो. पंतांच्या आर्या बारामतीबाहेर ज्यांनी कीर्तनांतून गाजवल्या त्यांत सोलापूरचे रामजोशी मोठे. मूळचे तमाशातले. पंतांनीच त्यांना कीर्तनाकडे वळवलं असं सांगतात. एक घरात बसून आर्या रचणारा पंडित, दुसरा लावणीचा शाहीर. मतपेट्यांवर कुणी एकत्र झोपवलं नसतं अशी जोडी. पंत १७९४ साली गेले. रामजोशी त्यानंतर अठराएक वर्षं होते. या काळात त्यांनी पंतांचं काही पुरं केलं नाही, पंतांनी पुरं करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं म्हणा. त्यांनी नुसतं म्हटलं. जसं होतं तसं, चारचौघांत, मोठ्यानं.

म्हणून मी मुलीला बोलावून माझा निर्णय सांगितला: पोरांनी दोन अंक करावेत. मग तिसऱ्याचा पडदा उघडावा. मंच मोकळा. विंगेतून एकच वाक्य यावं, ‘हितं कुठलं घर?’ आणि पडदा.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘काका, तो दिवाळसणाचा विनोद तुमच्यापैकी कुणाचा, यावर तुम्ही दोघं भांडायचात ना?’

‘त्यांचाच होता,’ मी म्हटलं.

‘कुणाचाच नव्हता. आत्याला बघायला आले होते त्या पाहुण्यांनी आमच्या ओसरीत बसून विचारलं होतं ते. अगदी तेच शब्द. आजी सांगायची. ते स्थळ मोडलं त्यावरून.’

मी काही बोललो नाही. पन्नास वर्षं ज्या वाक्यावर मी हसत आलो होतो ते माझ्यापुढे पुन्हा एकदा उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ते मला थोडं विनोदीच वाटलं. भाऊसाहेबांनाही वाटत असलं पाहिजे. त्याशिवाय त्यांनी ते माझ्या दहा पानांत गुपचूप ढकललं नसतं.

‘मग आत्या?’

‘आत्याचं झालं की लग्न. करमाळ्याकडं दिली. नव्या गावठाणात मांडव घातला. मी पाच वर्षांची होते, पण आठवतंय. आमच्या प्लॉटवर खाली खडक लागला, मेढी रोवता येईनात. वऱ्हाड तर येऊन बसलेलं. शेवटी अण्णांनी शेजारच्या प्लॉटवर मांडव घातला. तो कुणाचा हेसुद्धा ठरलेलं नव्हतं अजून. जेवणं चालली असताना त्या प्लॉटचा मालक कागद घेऊन आला. अण्णांनी त्याला पहिल्या पंगतीला बसवलं. जेवून झाल्यावर तो म्हणाला, आता भांडू का?’

मी तिच्याकडे बघत राहिलो. म्हणजे जागा होती. मला दाखवा म्हणणाऱ्या माणसानं ती स्वतः शोधून काढली होती, परक्याच्या प्लॉटवर, आणि मला सांगितलं नव्हतं. का, ते मला माहीत नाही आणि आता विचारता येत नाही. पण ‘आता भांडू का?’ या वाक्यावर जंक्शनचा हॉटेलमालक नक्की हसला असता.

‘हे तू लिही,’ मी म्हटलं.

‘मी?’

‘मला मांडव माहीत होता, त्यांना पाणी. तुला दोन्ही माहीत आहे.’

तिनं वही उलटीपालटी केली, पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्यांचा थर अंगठ्यानं दाबून पाहिला. मग ती पिशवीत घालत म्हणाली, ‘बघू.’

स्टँडवर पोचवायला गेलो. इंदापूरची गाडी लागलेली होती. नावांच्या त्या पद्धतीची हकिकत मी तिला सांगितली. तिनं पाटी वाचली. म्हणाली, ‘काका, समजा माझं नाव घालायचं झालं, तर कुठं? पाटीवर मधल्या माणसाला जागाच नसते.’

‘असते की. खाली “मार्गे” म्हणून लिहितात. बारीक अक्षरात.’

‘बारीक कशाला?’ ती म्हणाली, आणि कंडक्टरनं घंटी मारली.